कापसाच्या खोलीत हिपहॉपचा पहिला बीट

पोळ्याला आमच्या गावात तोरणाखाली बैलजोड्या लागल्या की वाजंत्री थांबते. कुणीतरी दोन पावलं पुढे होतो आणि झडती म्हणतो. चार-सहा ओळी, ओळीच्या शेवटी यमक, समोरच्याला एखादा सणसणीत टोमणा, आणि अखेरीस सगळ्यांची गर्जना: ‘हर बोला हर हर महादेव!’ गर्जनेसरशी ढोल पुन्हा उसळतो. तो थांबला की दुसऱ्या बाजूचा गडी उत्तर द्यायला पुढे येतो. हिपहॉप मी पहिल्यांदा मोबाइलवर ऐकलं तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही. ताल, तालावर बोल, बोलांची चढाओढ. सगळं ओळखीचं होतं, फक्त ताल मशीनमधून येत होता.

तो ताल, म्हणजे बीट, घरच्या घरी कसा बनवायचा ते इथे सविस्तर सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो आणि शेतीची कामं आटोपली की रात्री हा छंद करतो. आपल्याकडे क्लास नाही, स्टुडिओ नाही, नेटवर्क गच्चीवर गेल्यावर येतं आणि लाइनचा नेम नसतो. तरी पहिला बीट पूर्ण करायला जे लागतं ते बहुतेक सगळं घरात आहे. लेखभर आपण एकच बीट बनवणार आहोत. तो शेवटपर्यंत न्या, मगच दुसरा सुरू करा.

एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करा. बीट हा बोलणाऱ्यासाठी असतो. माझा पहिला पूर्ण बीट मी आमच्या भजनी मंडळातल्या एका काकाजींना ऐकवला. गावात झडती म्हणावी तर त्यांनीच. त्यांनी इयरफोन कानात घातला, शेवटपर्यंत मन लावून ऐकलं आणि म्हणाले, ‘वाजते तं मस्त, बाप्पा. पण मी बोलू कुठी? जागाच नाही ठेवली तुनं.’ त्या बीटमध्ये अकरा ट्रॅक, म्हणजे एकावर एक चढवलेले अकरा आवाज होते. आता मी पाच-सहावर थांबतो आणि बीट झाला की त्यावर झडती म्हणून बघतो. शब्द नीट कळले तर बीट जमला असं समजतो.

आधी टाळी, मग मोबाइल

पहिले तीन दिवस काहीच बनवू नका, फक्त ऐका. हिपहॉपचा एक बार म्हणजे चार ठोके. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर आपोआप टाळी पडते, तिथे स्नेअर वाजतो. पहिल्या ठोक्यावर आणि मग अधूनमधून जो जड ‘धम्म’ येतो तो किक. वर सतत चालणारं बारीक ‘टिक टिक’ म्हणजे हाय-हॅट. भजनात बसून ज्याच्या हातात केरवा उतरला आहे त्याला हे समजायला पाच मिनिटं पुरतात. ‘धा गे ना ति, न क धि ना’ या आठ मात्रा म्हणजेच एक बार, दर ठोक्याला दोन मात्रा. प्रत्येक मात्रेचे आणखी दोन तुकडे केले की सोळा घरं होतात. ॲपमध्ये ताल बसवायला समोर येतात ती हीच सोळा घरं.

एखादं आवडतं रॅप गाणं घ्या आणि टाळी देत बार मोजा. काय कितव्या बारला आत येतं, काय कितव्या बारला निघून जातं, ते वहीत लिहा. साधारण दर चार किंवा आठ बारांनी काहीतरी बदलतं असं तुम्हाला दिसेल. ही वही पुढे फार कामाला येते.

ताल किती जलद ते बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे एका मिनिटात किती ठोके. जुन्या धाटणीचा बूम बॅप ८५ ते ९५ च्या आसपास चालतो. ट्रॅप या नव्या धाटणीचा आकडा १३० ते १५० असतो, पण त्यात स्नेअर तिसऱ्या ठोक्यावर येत असल्याने चाल निम्म्या वेगाची वाटते. आपण ९० धरू. ९० बीपीएमला एक बार २.६७ सेकंदांचा होतो आणि एक घर सेकंदाच्या सहाव्या भागाएवढं. झडती म्हणायला हा वेग बरोबर बसतो, श्वास घ्यायला वेळ मिळतो.

हिपहॉपचा जन्मदिवस ११ ऑगस्ट १९७३ मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत, डीजे कूल हर्कच्या बहिणीने पार्टी ठेवली होती. गाण्यात गायन थांबून नुसता ताल वाजतो त्या तुकड्यावर नाचणारे सगळ्यात जास्त पेटतात हे हर्कच्या लक्षात आलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन रेकॉर्ड प्लेयरांवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवत राहायचा. दोन झडत्यांच्या मधे आमचा ढोलवाला जे करतो तेच हे. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात आणि तो फिरवत ठेवला की झाला लूप.

सामान

लॅपटॉपसाठी पैसे साठवत बसू नका. चार जीबी रॅमचा अँड्रॉइड फोन आणि वायरचा इयरफोन एवढ्यावर सुरुवात होते. वायरचाच हवा. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागापासून पाव सेकंदापर्यंत उशिरा पोहोचतो. आपलं एक घर सेकंदाचा सहावा भाग आहे हे आठवा, म्हणजे तुम्ही बोट एका घरात मारता आणि ऐकू येतं दुसऱ्याच घरात. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीला जोडायचं छोटं कनेक्टर मोबाइलच्या दुकानात मिळतं.

ॲपपैकी बँडलॅब फुकट आहे. त्यात ड्रम मशीन, सॅम्पलर (रेकॉर्ड केलेला आवाज पॅडवर ठेवून बोटाने वाजवायचं साधन) आणि आवाज रेकॉर्ड करायची सोय एकाच ठिकाणी मिळते, पण त्याचा सगळा व्यवहार नेटवर चालतो. नेटवर्क धड नसेल तिथे कोआला सॅम्पलर बरा. थोडे पैसे लागतात, पण तो ऑफलाइन चालतो आणि माइकमधून आवाज सरळ पॅडवर घेतो. आपल्या कामाला मला तोच जास्त आवडतो. घरात कॉम्प्युटर असेलच तर एलएमएमएस पूर्ण फुकट आहे आणि अकाईचं एमपीसी बीट्सही फुकट आहे. एफएल स्टुडिओचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतं, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही, म्हणून शिकताना ते अर्ध्यावर अडवतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर फिरत असतं, ते टाकू नका. त्याच्याबरोबर व्हायरस येतात आणि घरातल्या सगळ्यांचे कागद, फोटो, बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर असतात.

लाइनचं म्हणाल तर फोन दुपारीच चार्ज करून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावा.

खंजिरी रेकॉर्ड करताना

तयार आवाजांचे संच नेटवर ढिगाने मिळतात. किक आणि हाय-हॅट त्यातून घ्यायला हरकत नाही. पण बीटमधला निदान एक आवाज आपल्या गावचा असावा असा माझा आग्रह आहे, आणि आमच्याकडे तो खंजिरीचा असतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं म्हणत गावंच्या गावं जागी केली. मोझरीच्या गुरुकुंजापासून निघालेली ती खंजिरी अमरावती, यवतमाळ, वर्ध्याच्या गावागावांत भजनी मंडळांत आजही वाजते. तुम्ही भंडारा-गोंदियाकडचे असाल तर दंडारीची ढोलकी घ्या, मेळघाटातले असाल तर कोरकूंचा ढोल. पद्धत हीच.

रेकॉर्डिंगचा मोठा शत्रू म्हणजे खोलीत घुमणारा आवाज. सिमेंटच्या भिंती आणि वर टिनपत्रे असतील तर खंजिरीची एक थाप चार ठिकाणांहून परत येते आणि तो घुमारा नंतर कुठल्याही ॲपने निघत नाही. शहरातले लोक यासाठी भिंतींना फोम लावतात. आपल्याकडे दिवाळीपासून पुढे घरातली एक खोली कापसाने भरलेली असते. तिथे जाऊन एक टाळी वाजवून बघा. टाळी वाजते आणि तिथल्या तिथे विरते, भिंत काहीच परत देत नाही. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता टाळ्या वाजवत उभा होतो.

त्या खोलीत चार्जर लावू नका, दिवा किंवा अगरबत्ती नेऊ नका, कापूस ठिणगीची वाट बघत असतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. कापूस विकला गेला असेल तर दोरीवर तीन-चार वाकळा टांगा आणि त्यांच्या मधे बसा, बरंच काम होतं.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारा फाइलचा प्रकार, हा पर्याय असेल तर तो निवडा. बहुतेक फोनचा माइक खालच्या कडेला असतो, ती कड खंजिरीकडे करून फोन एका हाताच्या अंतरावर गोधडीच्या घडीवर ठेवा. एक जोरदार थाप मारून बघा. आवाजाची रेघ वरच्या टोकाला जाऊन सपाट होत असेल तर फोन आणखी लांब सरकवा. एकदा फाटलेला आवाज शिवता येत नाही.

आता थापा सुट्या सुट्या घ्या. कातड्याच्या मधोमध एक थाप, मग दोन सेकंद शांतता, मग पुन्हा. असं दहादा. कडेवर बोटांची थाप दहादा. मग नुसत्या झांजा, खंजिरी हळूच हलवून. नंतर कातड्याला अंगठा घासून येणारा तो ‘घूं’ आवाज. दहादा कशासाठी, तर कुठल्याही दोन थापा हुबेहूब सारख्या येत नाहीत आणि त्यांतली चांगली कोणती ते नंतर शांतपणे ऐकल्यावरच कळतं. मी स्वतः वाजवलेली खंजिरी आणि काकाजींनी वाजवलेली खंजिरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून मी त्यांनाच बोलावतो. त्यांच्या कडेच्या थापेत झांजा एकदम गप्प बसतात. करंगळी ते नेमकी कधी टेकवतात हे मला अजून डोळ्यांनी पकडता आलेलं नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं.

खोलीत आहातच तर आणखी दोन आवाज घ्या. सोयाबीनच्या भरल्या पोत्यावर मूठ मारा, दबका ‘धप्प’ येतो, तो किकच्या खाली मिसळायला फार छान. आणि भुलाबाईच्या टिपऱ्या घरात असतील तर एक टाळी आणि टिपरी एकाच वेळी वाजवून घ्या. तो आपला स्नेअर.

कापणं आणि सोळा घरं

रेकॉर्डिंग सॅम्पलरमध्ये घेतलं की प्रत्येक थाप वेगळी कापा. सुरुवातीची रिकामी जागा अगदी थापेच्या तोंडापर्यंत काढायची. ती राहिली तर घर बरोबर असूनही थाप मागे पडल्यासारखी वाटते आणि आपण उगाच ताल दुरुस्त करत बसतो. शेवट एकदम तोडू नका, थोडासा फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू विरू द्या, नाहीतर ‘टक’ असा आवाज येतो.

मग गंमत करा. खंजिरीच्या मधल्या थापेचा सूर बारा पायऱ्या खाली आणा, म्हणजे एक पूर्ण सप्तक. साध्या सॅम्पलरमध्ये सूर एवढा खाली गेला की आवाज दुप्पट लांब होतो आणि हातभर खंजिरीतून नगाऱ्यासारखं काहीतरी बाहेर येतं.

आता एका बारचा ताल मांडू. बीपीएम ९०. ठळक ठिपका म्हणजे त्या घरात आवाज.

किक: ● – – – | – – – ● | – – ● – | – – – –
स्नेअर: – – – – | ● – – – | – – – – | ● – – –
हाय-हॅट: ● – ● – | ● – ● – | ● – ● – | ● – ● –
खंजिरी: – – – ● | – – ● – | – – – – | – – ● ●

म्हणजे किक पहिल्या, आठव्या आणि अकराव्या घरात. स्नेअर पाचव्या आणि तेराव्या घरात, म्हणजे बरोबर टाळीच्या जागी. खंजिरी स्नेअरच्या अंगावर कुठेच पडत नाही हे बघा, ती आजूबाजूच्या रिकाम्या घरांतून चालते. शेवटच्या दोन घरांतल्या थापा पुढच्या बारला ढकलतात. आधी किक आणि स्नेअर लावून दोन मिनिटं चालू द्या, मान आपोआप हलली तरच हाय-हॅट टाका. मान हलत नसेल तर वर कितीही आवाज चढवून उपयोग होत नाही.

हे वाजवल्यावर घड्याळासारखं कोरडं वाटेल. दोन उपाय आहेत. पहिला, जोर. हाय-हॅटची प्रत्येक टिक सारख्या जोराची ठेवू नका. ठोक्यावरची शंभर धरली तर मधली साठ ठेवा. खंजिरीच्या दोन जागी दोन वेगळ्या थापा लावा, दहा घेतल्या त्या यासाठीच.

दुसरा उपाय म्हणजे डौल, ॲपमध्ये त्याला स्विंग म्हणतात. सम क्रमांकाची घरं किंचित मागे सरकतात. स्विंग ५० टक्के म्हणजे अगदी सरळ. ५८ टक्के केलं तर ९० बीपीएमला ती घरं सुमारे २७ मिलिसेकंद उशिरा वाजतात. एवढ्याशा फरकाने चाल बदलते, जशी रिकामी बंडी आणि भरलेली बंडी एकाच रस्त्यावर वेगळी चालते. ५४ पासून सुरू करा आणि एकेक टक्का वाढवत ऐका. ६२ च्या पुढे सहसा लंगडल्यासारखं होतं.

या डौलाचा मोठा उस्ताद डेट्रॉइटचा जे डिला. मशीनमध्ये थापा आपोआप सरळ करायची सोय असते, पण त्याच्या तालात थापा सरळ रेषेत बसत नाहीत, एखादी जरा लवकर, एखादी जरा उशिरा पडते. २००६ साली अवघ्या ३२ व्या वर्षी तो गेला. त्याचं एमपीसी हे ताल बनवायचं मशीन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेलं आहे. आमच्या काकाजींची खंजिरीही घड्याळाच्या किंचित मागे चालते. म्हणून त्यांचा सलग ठेका मी कधी सरळ करत नाही, उलट हाय-हॅट त्याच्याप्रमाणे सरकवतो. हा माझा ठाम सल्ला आहे: माणसाने वाजवलेलं आणि मशीनने वाजवलेलं यांत भांडण झालं तर माणसाच्या बाजूने उभे राहा.

खर्ज

हिपहॉपमध्ये छातीत बसणारा जो लांबट खर्ज ऐकू येतो त्याला एटओएट म्हणतात. नाव पडलं ते जपानच्या रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या मशीनवरून. १९८० मध्ये ते बाजारात आलं. त्याचे ड्रम खऱ्या ड्रमसारखे वाजत नाहीत म्हणून फारसं चाललं नाही आणि १९८३ मध्ये बंद झालं. पण जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं आणि पैसे नसलेल्या पोरांनी त्याच्या लांब घुमणाऱ्या किकवर अख्खी शैली उभी केली.

ॲपमध्ये एटओएटचा तयार आवाज असतोच. नवशिक्यांच्या हातून इथे एक चूक हमखास होते: तो सुरात लावत नाहीत. एटओएटला सूर असतो आणि तो बाकीच्यांशी जुळला पाहिजे. तुमच्याकडे हार्मोनियमची पट्टी माहीत असलेला गायक असेल तर काम सोपं आहे. काळी एक म्हणजे ॲपमधला सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी पाच म्हणजे जी. गायकाला विचारून पट्टी ठरवा आणि एटओएटचा मूळ सूर त्यावर आणा.

आपल्या बीटला काळी एक धरू. पहिले दोन बार एटओएट षड्जावर, म्हणजे सी शार्पवर. तिसऱ्या बारला कोमल गंधार, म्हणजे ई. चौथ्याला खालचा कोमल निषाद, म्हणजे बी. जिथे किक वाजतो तिथेच एटओएट सुरू करा आणि नवा सूर आला की जुना तोडा, दोन खर्ज एकमेकांवर चढले की नुसता गढूळ आवाज होतो.

फोनच्या स्पीकरवर हा खर्ज ऐकूच येणार नाही, त्या एवढ्याशा पडद्याला चाळीस-पन्नास हर्ट्झ झेपत नाहीत. घाबरून आवाज वाढवत बसू नका. एटओएटवर थोडं सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन लावा, म्हणजे त्याच्या वरच्या पट्टीतल्या छटा तयार होतात आणि छोट्या स्पीकरवरही सूर कळतो. खरा खर्ज इयरफोनवर तपासा.

सूर, तोही मोजकाच

धून बनवायला संगीत शिकलेलं असावं लागतं असं वाटून पुष्कळ जण इथेच सोडतात. पाच सुरांत काम भागतं. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपल्याकडे हा धानी राग, आणि जगभरातली हिपहॉपची कितीतरी धून याच पाच सुरांत फिरते. काळी एकपासून मोजलं तर सी शार्प, ई, एफ शार्प, जी शार्प, बी. यांतले कुठलेही तीन-चार घेऊन दोन बारांची छोटी ओळ करा.

मंडळाची पेटी मिळाली तर एकच सूर पाच सेकंद धरून रेकॉर्ड करा, सॅम्पलरमध्ये तोच वर-खाली करून पूर्ण धून वाजवता येते. भात्याचा श्वास आत येतो तो कापू नका. धून झाली की तिच्यातला एक सूर काढून टाका. मग पुन्हा ऐका आणि जमल्यास आणखी एक काढा. काकाजींनी मागितलेली जागा इथेच तयार होते.

मांडणी

चार बारांचा लूप झाला म्हणजे बीट झाला असं नाही. लूप बनवणारे खूप असतात आणि बीट पूर्ण करणारे थोडे, कारण कंटाळवाणा भाग हा आहे. साधा आराखडा देतो: चार बार सुरुवात, सोळा बार बोल, आठ बार हूक (म्हणजे धृपद), पुन्हा सोळा, पुन्हा आठ, शेवटी चार. एकूण ५६ बार. ९० बीपीएमला हे जवळजवळ दोन मिनिटं तीस सेकंद भरतं.

सुरुवातीला नुसती धून आणि दुरून खंजिरी. बोल सुरू होताना किक, स्नेअर आणि एटओएट एकदम आत. बोलाच्या भागात धून अर्धी करा, हूकमध्ये पूर्ण वाजू द्या. दर आठव्या बारच्या शेवटच्या दोन ठोक्यांत किक आणि एटओएट काढा. सोळाव्या बारच्या शेवटी तर सगळंच थांबवा, पूर्ण शांतता, एक ठोकाभर. झडतीची शेवटची ओळ तिथे पडते आणि गर्जनेबरोबर सगळं परत येतं. तोरणाखालचा ढोल हेच करतो, म्हणून आपल्या लोकांना ही जागा सांगावी लागत नाही.

मिक्सिंगवर, म्हणजे आवाजांचं कमी-जास्त जुळवण्यावर, जास्त वेळ घालवू नका. सगळे आवाज शून्यावर आणा, मग आधी किक, त्याच्या बरोबरीने स्नेअर, मग एटओएट, खंजिरी, धून आणि सगळ्यात शेवटी हाय-हॅट असे एकेक चढवा. मास्टरचा, म्हणजे सगळ्याच्या मिळून आवाजाचा, काटा उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या, लाल कधीच होऊ नये. धून आणि खंजिरीचा शंभर हर्ट्झच्या खालचा भाग कापा, तिथे एटओएटचं राज्य आहे. बोल कळत नसतील तर धूनीचा एक हजार ते तीन हजार हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल खाली आणा, शब्दांची धार तिथेच असते. मग तोच बीट फोनच्या स्पीकरवर, इयरफोनवर आणि एखाद्या ट्रॅक्टरच्या टेपवर ऐका. ट्रॅक्टरवर खर्ज फुटला तर एटओएट जास्त आहे. आवाज कमी ठेवून काम करा आणि तासाला दहा मिनिटं कानांना सुट्टी द्या.

कुणाचं काय

‘सात सेकंद घेतले तर चालतं’ असं सगळीकडे ऐकायला मिळतं. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात असा काही नियम नाही. रेकॉर्डिंगवर प्रकाशनानंतर साठ वर्षं हक्क असतो, आणि शब्द व चाल यांवर रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षं. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे या हिशेबाने त्यांच्या रचनांची मुदत २०२८ च्या अखेरपर्यंत जाते. तेव्हा भजनाचे शब्द किंवा कॅसेटमधला तुकडा परवानगीशिवाय उचलू नका. खंजिरीचा ठेका मात्र कुणा एकाच्या मालकीचा नाही, तो स्वतः वाजवा.

आणि ज्याच्याकडून वाजवून घेतलं त्याला आधी सांगा की हे कशासाठी आहे, नंतर ऐकवा, आणि बीट कुठे टाकलात तर त्याचं नाव लिहायला त्याची हरकत नाही ना ते विचारा. बीटचे पैसे मिळाले तर त्याचा वाटा द्या. भजनातली मंडळी पैसे मागत नाहीत, त्यामुळे हे आपणच लक्षात ठेवायचं.

जपून ठेवणं आणि ऐकवणं

पूर्ण झालेला बीट वेव्हमध्ये काढा, ४४.१ किलोहर्ट्झवर. मिनिटाला साधारण दहा एमबी जागा जाते. व्हॉट्सॲपवर पाठवायला ३२० केबीपीएसची एमपी३ वेगळी करा. फाइलच्या नावात बीपीएम आणि पट्टी लिहा, ‘खंजिरी ९० काळी एक’ असं. सहा महिन्यांनी कुणी बोल घेऊन आला तर शोधाशोध होत नाही. आणि दोन ठिकाणी ठेवा. माझे पहिल्या वर्षाचे सगळे बीट एका मेमरी कार्डाबरोबर गेले. त्यांत एका आजोबांची खंजिरी होती, ते आता नाहीत. तेव्हापासून नेटवर्क मिळालं की त्याच रात्री मूळ थापांसकट सगळं ड्राइव्हवर चढवतो.

मग बीट घेऊन झडती म्हणणाऱ्याकडे जा. इयरफोन एका कानात त्यांच्या, एका कानात तुमच्या. पहिल्यांदा नुसतं ऐकू द्या, दुसऱ्यांदा म्हणू द्या, आणि त्या वेळी तुमची वही उघडी ठेवा. ते श्वास कुठे घेतात तिथे खूण करा. कुठल्या शब्दावर ते अडखळले, त्या घरात काय वाजत होतं तेही लिहा. आमच्या या बीटवर काकाजी दोनदा पंधराव्या घरात अडखळले, ओळीचं यमक नेमकं तिथे पडत होतं आणि तिथेच मी खंजिरीची थाप लावली होती. ती एक थाप काढली. तिसऱ्यांदा त्यांनी सोळाच्या सोळा बार एका दमात म्हटले आणि विचारलं, ‘आणखी हाये का?’